जिन्यातल्या बोर्डाला लावलेलं सोलर

सासूबाईंना बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालताना झिणझिण्या आल्या, तिथून सगळं उघडकीला आलं. त्याआधीचे बारा दिवस मी भलत्याच खुशीत होते.

मूळ कारण बिल. भुसावळचा उन्हाळा इथल्या माणसाला समजावून सांगायला नको. पारा 45च्या पुढे गेला की घरात कूलर बंद करायचं कुणाच्या मनातही येत नाही. त्याच्या आदल्या मे महिन्यात आमचं मीटर 300 युनिटांची वेस ओलांडून गेलं, वरच्या टप्प्याचा दर लागला आणि बिल बघून आमच्या घरात दोन दिवस कुणी कुणाशी नीट बोललं नाही. गच्चीवर उभं राहिलं की दीपनगरच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. वीज तयार होते ती डोळ्यांदेखत, आणि ऊन तर फुकट डोक्यावर ओतलं जातंय.

सरळ रस्ता मला ठाऊक होता. पंतप्रधान सूर्यघर योजनेत 1 किलोवॅटला 30 हजार, 2 किलोवॅटला 60 हजार आणि 3 किंवा त्याहून जास्त किलोवॅटला 78 हजार रुपये अनुदान मिळतं. पण आमचं वीज कनेक्शन अजून सासऱ्यांच्या नावावर. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. नाव बदलायचं तर वारसांचे कागद, दोन्ही नणंदांच्या सह्या. एक नणंद शहाद्याला, एक सुरतेला. ‘दिवाळीला आल्या की करू’ असं म्हणत सहा दिवाळ्या गेल्या.

अशात भाच्याचा फोन आला. तो जर्मनीत नोकरीला आहे. त्याने व्हिडिओवर बाल्कनी दाखवली. कठड्याला दोन पॅनल टांगलेले, मागे वहीएवढा इन्व्हर्टर, त्यातून निघालेली वायर आणि वायरच्या टोकाला साधी पिन. ती त्याने भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचली, झालं. तिकडे घरोघरी हे चालतं, कायद्याने चालतं. 2024 पासून इन्व्हर्टरची मर्यादा 600 वरून 800 वॅट केली आहे, एवढं त्याने सांगितलं. मी तेवढंच ऐकलं. तिथली वायरिंग कशी असते, इन्व्हर्टरला कोणती चाचणी पास व्हावी लागते, नोंदणी कुठे करावी लागते, हे तोही बोलला असेल. माझं लक्ष त्या पिनेवर होतं.

मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना हसायला सोपं जाईल.

जळगावातून 335 वॅटचे दोन वापरलेले पॅनल घेतले. इन्व्हर्टर ऑनलाइन मागवला. 600 वॅटचा, पत्र्याच्या डब्यासारखा, सोबत एका कागदावर चार चित्रं. त्यावर कुठल्याही भारतीय मानकाचा क्रमांक नव्हता, हे मला नंतर दिसलं. म्हणजे दाखवलं गेलं. पॅनल दिसायला हलके वाटतात, पण एकेक बावीस किलोचा आणि दोन मीटर लांब. जिन्याच्या वळणावर माझा आणि मुलाचा जीव मेटाकुटीला आला. वेल्डिंगवाल्याकडून अँगलचं स्टँड करून घेतलं. स्टँडच्या पायांवर विटा ठेवून भागेल असं मला वाटलं होतं, पण वेल्डिंगवाला रावेरकडचा. मेच्या वावधनात उभी केळीची बाग आडवी झालेली त्याने पाहिलेली. त्याने माझं न ऐकता स्लॅबच्या कठड्याला बोल्ट मारले. या सगळ्या उद्योगात पहिल्या फेरीत बरोबर झालेलं हे एकच काम.

जिन्याच्या खोलीत एक जुना बोर्ड आहे. लग्नकार्याला लायटिंगची माळ लावायला सासऱ्यांनी तो बसवून घेतला होता. त्यात पिन खोचली. डब्यावरचा हिरवा दिवा लुकलुकला, आत कुठेतरी टिक झालं आणि आकडा चढू लागला. 90, 230, 380, 410. दोन्ही पॅनलवर मिळून 670 लिहिलंय मग 410च का, याचं उत्तर मी मुलाला ऐटीत दिलं: पॅनलची ताकद काच 25 अंशांवर असताना मोजतात, आपल्याकडे एप्रिलात काच 65ला सहज जाते, आणि दर अंशाला साधारण 0.4 टक्के घट होते. शिवाय जुने पॅनल, धूळ, इन्व्हर्टरची स्वतःची खोट. मुलगा म्हणाला, ‘म्हणजे ऊन वाढलं की सोलर कमी?’ त्याला हे फारच अन्यायाचं वाटलं.

बाराव्या दिवशी सासूबाई बिबडे घालायला गच्चीवर गेल्या. ज्वारीचा घाटा शिजवायचा, ओल्या फडक्यावर थापायचा आणि अलगद प्लास्टिकवर उलटा करायचा. हात ओले, पाय अनवाणी, गच्ची पाणी मारून गार केलेली. उठताना त्यांनी आधाराला पॅनलच्या चौकटीवर हात टेकला.

‘माय वं!’ एवढं ओरडून त्या खाली बसल्या. लागलं काही नाही. पण दंडापर्यंत मुंग्या आल्या म्हणाल्या, आणि त्या घाण्यातले सगळे बिबडे तसेच टाकून खाली आल्या. मी वर जाऊन उलट्या बोटांनी चौकटीला हात लावला. चप्पल घातलेली होती, मला काहीच जाणवलं नाही. ‘उन्हाने चटका बसला असेल’ असं मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरणार नाही.

संध्याकाळी त्यांनीच शेजारच्या आबांना बोलावलं. आबा रेल्वेतून निवृत्त झालेत, ओएचईच्या खात्यातून. म्हणजे रुळांवरची ती 25 हजार व्होल्टची तार सांभाळणाऱ्या गँगमध्ये 34 वर्षं. मूळचे पारोळ्याकडचे, बोलणं अस्सल अहिराणी. आले, पॅनल पाहिले, वायर धरून जिन्यापर्यंत आले, बोर्डात पिन पाहिली.

‘हाई कसाले करं माय?’

मी बिल सांगितलं, भाचा सांगितला, जर्मनी सांगितली. आबा ऐकून घेत होते. मग त्यांनी स्क्रू काढून बोर्ड उघडला. थ्री-पिनच्या वरच्या मोठ्या भोकामागे, जिथे अर्थिंगची वायर असायला हवी, तिथे कोळ्याचं जाळं होतं. वायर कधी लावलेलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी दहाला आबा त्यांची पत्र्याची पेटी घेऊन हजर. पॅनलची चौकट आणि गच्चीवरच्या नळाचा लोखंडी पाइप यांच्यामध्ये मल्टीमीटर धरला: 108 व्होल्ट. माझ्या पोटात गोळा आला. मग त्यांनी त्याच दोन जागांना बल्ब जोडला, तर तो पेटला नाही आणि मीटरवरचा आकडाही जवळजवळ शून्यावर आला. यातलं विज्ञान मात्र मला लगेच कळलं. इन्व्हर्टरमध्ये गोंगाट गाळायला दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून डब्याला आणि एक न्यूट्रलकडून डब्याला. डबा अर्थला जोडलेला असेल तर ती बारीकशी गळती जमिनीत जाते. अर्थ नसेल तर डबा, आणि त्याला जोडलेली चौकट, दोन्हींच्या मधोमध लटकत राहते. 230च्या निम्म्याच्या आसपास. करंट अगदी थोडा, म्हणून बल्ब पेटत नाही, पण ओल्या हाताला झिणझिण्या येतात. ही झाली सगळं धडधाकट असतानाची गोष्ट. त्यातला एक कपॅसिटर जळून आरपार झाला असता किंवा पत्र्याच्या कडेला घासून वायर सोलली गेली असती, तर चौकटीवर सरळ फेज, आणि समोर ओल्या हातांच्या सासूबाई.

बाकी घराचं अर्थिंग तरी ठीक असेल, ही माझी आशा. मेन बोर्डावर आबांनी फेज आणि अर्थ यांच्यात 100 वॅटचा बल्ब लावला. तो तांबूस, आजारी दिसला. अर्थिंगचा खड्डा मागच्या अंगणात. कोळसा-मीठ घातलेला, वर लोखंडी पाइप. सासूबाई पूर्वी रोज तुळशीनंतर उरलेलं पाणी त्या पाइपात ओतायच्या. तीन वर्षांपूर्वी मी हौसेने अंगणात पेव्हर ब्लॉक बसवून घेतले, त्याखाली पाइप गेला. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते तेव्हा खड्ड्यात ओल कुठून राहणार?

मग आबा त्या पिनेकडे वळले. त्यांचा खरा डोळा तिच्यावरच होता. बाकी कुठलीही पिन, कूलरची घ्या, मिक्सरची घ्या, सॉकेटमधून उपसली की मेली. वीज भिंतीकडून येते, म्हणून जिवंत पितळ भिंतीत लपवलेलं असतं आणि उघडं पितळ निर्जीव बाजूला. माझ्या पिनेचं उलट होतं. वीज पिनेच्या बाजूनेही येत होती.

‘पण लाईन गेली की तो आपोआप बंद होतो,’ मी म्हटलं. कागदावर तसं चित्र होतं.

‘दखाड.’

मी पिन थेट उपसून दाखवणार तर त्यांनी थांबवलं. पेटीतून लाकडी बोर्ड काढला: चार होल्डर, दोन सॉकेट, शेवटी वायर आणि पिन. तो जिन्यातल्या बोर्डात लावला, इन्व्हर्टरची पिन त्या लाकडी बोर्डात, होल्डर रिकामे, मल्टीमीटर दुसऱ्या सॉकेटमध्ये. लाकडी बोर्डाची पिन भिंतीतून काढली. आकडा टपकन शून्य. मी विजयी मुद्रेने पाहिलं.

आबांनी पुन्हा सगळं जोडलं आणि होल्डरांत 100 वॅटचे चार बल्ब लावले. इन्व्हर्टरवर त्या वेळी चारशेच्या आसपास आकडा होता. मला हातात गोधडी देऊन पॅनलपाशी उभं केलं. त्यांनी रबरी हातमोजे घातले, पायाखाली रबरी चटई सरकवली आणि पिन काढली.

बल्ब चालूच राहिले.

एक, दोन, तीन... दोन सेकंदांच्या आत इन्व्हर्टरने ओळखून बंद व्हायला हवं, असं मानक सांगतं. चार, पाच. आबांनी दुसऱ्या हाताने मोकळ्या पिनेच्या दोन पितळांवर दोन टोकांचा टेस्टर टेकवला. तो लाल पेटला. सहा, सात, आठ. त्यांनी मान हलवली, मी गोधडी टाकली आणि बल्ब विझले.

हा प्रयोग वाचून कुणी करून पाहू नये. हातमोजे बाजारात मिळतात, आबांचा सराव मिळत नाही. पण झालं काय ते सांगायला हवं. भार नसताना इन्व्हर्टरचं गणित बिघडतं म्हणून तो लगेच मान टाकतो. पण समोरचा भार आणि पॅनलची वीज नेमकी जुळली, तर स्वस्त इन्व्हर्टरला बाहेरची लाईन गेल्याचं कळतच नाही. तो आपल्याच बेटावर राज्य करत बसतो. चांगल्या इन्व्हर्टरमध्ये हे ओळखायची युक्ती असते: तो मधूनमधून वारंवारता किंचित ढकलून पाहतो. लाईन असेल तर ती हलत नाही, नसेल तर लगेच हलते आणि इन्व्हर्टर उमगून बंद होतो. आपल्याकडे यासाठी आयएस 16169 हे मानक आहे. माझ्या डब्यावर त्याचं नाव नव्हतं ते हेच.

आबांना पिनेपेक्षा खांबावरच्या माणसाची काळजी. त्यांच्या खात्यात पॉवर ब्लॉक मिळाला, म्हणजे लाईन बंद केली, कामाच्या परवानगीचा कागद हातात पडला, तरी तारेला हात लावायचा नाही. आधी डिस्चार्ज रॉडची तार रुळाला घट्ट बांधायची, मग रॉडचा आकडा वरच्या तारेवर अडकवायचा, कामाच्या दोन्ही बाजूंना. ‘कागदवर लाईन मरेल ऱ्हास,’ ते म्हणाले, ‘तारमा नही.’ शेजारच्या रुळावरची तार चालू असली तरी बंद तारेत वीज उतरते, ते त्यांनी पाहिलेलं.

मी वाद घातला. माझे चारशे वॅट अख्ख्या गल्लीची लाईन कशी जिवंत करतील? गल्लीतले पंखे-फ्रीजच ते क्षणात दाबून टाकतील. हे खरंच आहे, आणि ट्रान्सफॉर्मर उलटा चालून 11 हजार व्होल्ट परत वर जातात ही भीती एकट्या डब्यापुरती जरा ताणलेली आहे. आबा हो म्हणाले. मग विचारलं, आणि लाइनमनने तुझ्या एकटीच्या घराची सर्व्हिस वायर खांबावरून सोडवली तर? तेव्हा वायरीच्या या टोकाला फक्त माझं घर. कूलर आणि दोन पंखे चालू, पॅनलवर ऊन. चार बल्ब काय, तेवढाच भार. मी गप्प बसले.

किटकॅट फ्यूज काढला तेव्हा तर आबा हसायलाच लागले. फ्यूजच्या बारीक तारेऐवजी आत मल्टिस्ट्रँड वायरीचे सहा-सात तांब्याचे धागे पिळून बसवलेले. वारंवार उडतो म्हणून कुणीतरी, बहुतेक आमच्याच ह्यांनी, ‘पक्कं’ काम केलेलं. माझ्या पॅनलचा करंट जेमतेम 1.8 अँपिअर, तो फ्यूजच्या पुढे घरात शिरतो, म्हणून फ्यूजला दिसत नाही. फ्यूज स्वतःची मर्यादा मोजतो, सोलरवाला करंट वर वेगळा, आणि वायर दोन्ही वाहते. धडधाकट वायरिंगला 1.8 फार नाही. 1988 सालच्या, एक चौरस मिलिमीटरच्या वायरीला आणि असल्या फ्यूजला ते कुठे नेऊन ठेवेल हे मला आजमावायचं नव्हतं. बोर्डाचं प्लास्टिक पिनेभोवती तपकिरी झालेलं होतंच. सॉकेटच्या पत्त्या ढिल्या झालेल्या. मिक्सर दोन मिनिटं चालतो, हे रोज सहा तास चालत होतं, आणि तेही जिन्याच्या बंद, तापलेल्या खोलीत.

एक मात्र दैवाने वाचवलं. हॉलमधला बॅटरीचा इन्व्हर्टर साइन वेव्हचा, म्हणजे लाईनसारखीच वीज देणारा, आहे आणि जिन्याचा बोर्ड त्याच्यावर नव्हता. असता, तर लाईन गेल्यावर सोलरने त्या इन्व्हर्टरलाच लाईन समजून त्याच्या पोटात उलटी वीज ढकलली असती.

एवढं सगळं करून वाचलं किती? इथे मी खरी फजित झाले. मीटरवर ‘रेव्ह’ अशा बारीक अक्षरांचा एक लाल दिवा मला बारा दिवस दिसत होता आणि मी तो शुभसंकेत समजत होते: वीज उलटी जातेय, युनिट घटताहेत. त्या रविवारआधीच्या शनिवारी शाळेच्या वहीत रीडिंग लिहून ठेवलं होतं. दुपारी बारा ते दोन, पॅनल चालू, घरात फक्त फ्रीज: मीटर 0.6 युनिट पुढे. आबा गेल्यावर सोमवारी, पॅनल काढलेले, तेच दोन तास, तोच फ्रीज: 0.2 युनिट. पॅनल लावल्यावर मीटर तिप्पट पळत होतं! जुन्या मीटरांत हा बंदोबस्त मुद्दाम केलेला असतो. लोक वायरी उलट्या जोडून मीटर मागे फिरवायचे, म्हणून करंट कुठल्याही दिशेने गेला तरी मीटर पुढेच मोजतं. नेट मीटर दोन्ही दिशा वेगवेगळ्या मोजतं, पण ते अर्ज करून मिळतं. म्हणजे मी गल्लीला फुकट वीज देत होते आणि वर तिचे पैसेही मीच भरणार होते. यात सासूबाईंचाही हातभार होता. मी शाळेत गेले की त्या काटकसरीने कूलर, पंखे, सगळं बंद करून ओसरीवर बसायच्या. त्यांनी जितकी वीज वाचवली तितकं बिल वाढलं. हे त्यांना मी अजून सांगितलेलं नाही.

पुढचं काम थोडक्यात. परवाना असलेला वायरमन लावून मेनपासून जिन्यापर्यंतची वायरिंग बदलली, किटकॅट गेले, आपोआप पडणारे एमसीबी आणि गळती होताच लाईन तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी आला. पेव्हर ब्लॉक उपसून नवा अर्थिंगचा खड्डा, वर सिमेंटचं झाकण. पॅनलच्या चौकटीला आणि स्टँडला वेगळी अर्थिंगची पट्टी. या खर्चात असे पॅनल दोनदा घेता आले असते, पण तो खर्च पॅनलच्या नावावर टाकणं बरोबर नाही. सोलर आलं नसतं तरी तो फ्यूज तसाच होता.

पॅनल फेकले नाहीत. ते आता घराच्या लाईनला न जोडता हॉलमधल्या इन्व्हर्टरच्या 150 एएचच्या बॅटरीला चार्ज करतात, मध्ये पॅनलचं जास्तीचं व्होल्टेज बॅटरीला जुळवून घेणारा एमपीपीटी कंट्रोलर आणि बॅटरीजवळ डीसी फ्यूज. दुकानदार साधा, स्वस्त कंट्रोलर देत होता. 38 व्होल्टचा पॅनल 12 व्होल्टच्या बॅटरीला तसा जोडला तर दोन तृतीयांश वीज वाया जाते, हे मी या वेळी घरून गणित करून गेले होते. दुपारी हॉलचे पंखे आणि टीव्ही त्यावर चालतात. कूलर लाईनवरच आहे. बिल जरा उतरलं, फार नाही.

भाच्याला सगळं कळवलं. तो म्हणाला, मामी, इथे बहुतेक घरांना आरसीडी, म्हणजे तुमचा आरसीसीबी, असतो, इन्व्हर्टर प्रमाणित असल्याशिवाय लावता येत नाही आणि लावल्यावर सरकारी नोंदवहीत नाव टाकावं लागतं. मी सांगितलं होतं तुला. सांगितलं असेल. आपल्याकडे चाचणी पास झालेला इन्व्हर्टर, नवी वायरिंग, त्याच्यापुरती वेगळी लाईन आणि त्याला चालेल असं मीटर एवढं जमलं, तर मीही पुन्हा लावीन. शहाद्याच्या नणंदेची सही झाली आहे. सुरतेची राहिली आहे.

इन्व्हर्टरची ती पिन आबांनी पक्कडीने कापून स्वतःच्या पेटीत टाकली. मागितली तर देत नाहीत.

या वर्षी सासूबाईंनी बिबडे गच्चीच्या पार दुसऱ्या कोपऱ्यात घातले. सांगून दमले की आता चौकटीला अर्थिंग आहे, आबांनी मोजून दाखवलंय, शून्य आहे. घाटा संपल्यावर त्या पॅनलपाशी येऊन उभ्या राहिल्या, हात पदराला पुसले आणि मला म्हणाल्या, ‘चप्पल काढ. आधी तू हात लाव.’